पोपटासह प्रवास : तिकिटाआधीची तयारी

उतारवयात घरातला एखादा पक्षी किती जवळचा होतो, हे बाहेरच्या माणसास सहजी उमगत नाही. मुले परगावी गेलेली, जोडीदाराची साथ सुटलेली. अशा घरात पहाटे पिंजऱ्यावरचा पंचा दूर केल्यावर ऐकू येणारी शीळ ही दिवसातली पहिली हाक असते. त्याला दाणा घालायचा म्हणून माणूस वेळेवर उठतो, त्याच्याशी चार शब्द बोलायचे म्हणून तोंड उघडतो. साहजिकच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, लेकीचे बाळंतपण किंवा मुलाकडे कायमचे राहावयास जाणे, यांपैकी कोणताही प्रसंग आला की पहिला प्रश्न निघतो, ‘‘आणि याचे काय?’’

घरातील तरुण मंडळी बहुधा हा प्रश्न हसण्यावारी नेतात. परंतु त्याचे उत्तर मिळाले नाही, तर आवश्यक उपचार पुढे ढकलले जातात. अथवा निघण्याच्या ऐन घाईत पिंजरा गाडीच्या डिकीत कोंबला जातो. पहिल्यात माणसाच्या प्रकृतीची हानी, दुसऱ्यात पक्ष्याच्या जिवास धोका. हे दोन्ही टाळावयाचे, तर प्रवासाची तारीख ठरवितानाच पक्ष्याची व्यवस्थाही ठरविली पाहिजे. प्रस्तुत लेखात त्याच तयारीचा विचार केला आहे. तो पक्षी पाळणाऱ्या ज्येष्ठांसाठी आहे, तितकाच त्यांना घेऊन प्रवासास निघणाऱ्या मुला-सुनांसाठीही आहे.

आपल्या घरी कोणता पोपट आहे?

हा प्रश्न प्रथम येतो, कारण त्याचा संबंध कायद्याशी आहे. हिरव्या अंगाचा, गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ असलेला आपल्याकडचा राघू, पहाडी पोपट, जांभळट डोक्याचा तुईया हे सारे भारतातील वन्य पक्षी आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यांना पकडणे, विकणे वा घरी पाळणे हा गुन्हा आहे. पूर्वी वाड्या-वाड्यांतून मिठूचे पिंजरे टांगलेले असत, म्हणून आजही अनेकांस हे ठाऊक नसते. असा पक्षी घरी असेल, तर त्याला घेऊन प्रवास करणे योग्य नाही. त्याचबरोबर, ‘चूक सुधारावी’ म्हणून त्याला गच्चीवरून उडवून देणे हेही योग्य नाही. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्यास अन्न शोधण्याची व शत्रूस ओळखण्याची सवय उरलेली नसते. त्याच्या पंखांतही बळ नसते. तो मांजरीच्या किंवा घारीच्या तावडीत सापडण्याची शक्यताच अधिक. महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करून मार्गदर्शन घ्यावे व पक्षी त्यांच्याकडे सोपवावा, हाच उचित मार्ग होय.

परदेशी जातींची गोष्ट वेगळी आहे. बजरीगार (ज्याला आपण लव्हबर्ड म्हणून चुकीने ओळखतो तो लहानसा पक्षी) आणि डोक्यावर तुरा असलेला कॉकाटील हे घरोघरी दिसतात. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा, सन कोन्यूर अशा मोठ्या किंवा दुर्मिळ जाती मात्र वन्य जीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात. २०२२ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा जातींच्या पक्ष्यांची नोंदणी केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावी लागते. असा पक्षी घेऊन निघताना नोंदणीची प्रत व खरेदीची पावती जवळ असावी. वाटेत कोणी चौकशी केली, तर वृद्ध माणसास उगाच मनस्ताप होत नाही.

न्यावे, की घरीच ठेवावे?

दोन-चार दिवसांच्या लग्नकार्यासाठी पोपटास सोबत नेण्यापेक्षा त्याला त्याच्या जागी ठेवणे केव्हाही श्रेयस्कर. त्याचा पिंजरा, त्याची खिडकी, त्याची झोपेची वेळ तशीच राहते. शेजारच्या ओळखीच्या व्यक्तीने दिवसातून दोनदा येऊन दाणापाणी करावे आणि थोडा वेळ त्याच्याजवळ बसावे, एवढे पुरते. मात्र ती व्यक्ती आपण घरी असतानाच आठवडाभर येऊ लागावी, म्हणजे पक्षी तिला ओळखू लागतो.

मुलाबाळांकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेस किंवा आखाती देशांत जाणाऱ्यांनी पक्ष्यास सोबत नेण्याचा विचार सहसा करू नये. परदेशी पक्षी नेण्यासाठी परवाने, आरोग्य तपासण्या आणि विलगीकरण यांचे सोपस्कार फार असतात. एवढ्या थोड्या मुक्कामासाठी वृद्ध माणसास आणि पक्ष्यास ती दगदग सोसवत नाही.

याउलट घर कायमचे बदलावयाचे असेल, किंवा उपचारांसाठी महिनोन् महिने दुसऱ्या गावी राहावे लागणार असेल, तर पक्ष्यास नेणेच बरे. पोपट हा थवा करून राहणारा जीव आहे. माणूस हाच ज्याचा थवा झाला आहे, अशा पक्ष्यास दीर्घकाळ एकटे ठेवले तर तो खाणे कमी करतो, सतत ओरडतो, कधी स्वतःचीच पिसे उपटू लागतो. आजारी, मोडक्या हाडाच्या किंवा अंड्यावर बसलेल्या पक्ष्यास मात्र पशुवैद्यांच्या सल्ल्याशिवाय हलवू नये.

त्याच्या शरीराची ओळख

प्रवासातील बहुतेक दुर्घटना पक्ष्याचे शरीर आपल्यासारखे समजल्यामुळे घडतात. पक्ष्यास श्वासपटल नसते. छातीचा पिंजरा पुढे-मागे हलला तरच त्याच्या फुप्फुसांत व वायुकोशांत हवा खेळते. घाबरलेल्या पोपटास कोणी छातीशी घट्ट आवळून धरले, तर नाक-तोंड मोकळे असूनही तो गुदमरतो. धरावेच लागले तर मऊ पंच्यात हलकेच गुंडाळावे. मान व पंख सावरावेत, छाती मोकळी ठेवावी.

त्याची श्वसनसंस्था अतिशय कार्यक्षम असते, म्हणूनच विषारी वायूही तिच्यात झपाट्याने शोषले जातात. गाडीतील सुगंधी डबी, अत्तर, कापूर, उदबत्ती, डासांची कॉइल, सिगारेटचा धूर हे सारे त्याच्या जवळ वर्ज्य.

पक्ष्यास घामाच्या ग्रंथी नसतात. त्याचे स्वाभाविक तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि उष्णता वाढली की चोच उघडून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतील तापमान अर्ध्या तासात १५ अंशांहून अधिक वाढू शकते. ‘पाच मिनिटांत चहा घेऊन येतो’ म्हणून त्याला आत ठेवून जाणे कोणत्याही ऋतूत धोक्याचे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोपट आपले आजारपण शक्य तितके लपवितो. पिसे फुगवून बसणे, दिवसा डोळे मिटणे, शेपूट श्वासागणिक वर-खाली होणे, पिंजऱ्याच्या तळाशी बसणे ही लक्षणे दिसेपर्यंत दुखणे बरेच पुढे गेलेले असते. म्हणून निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे पक्ष्यांच्या जाणकार पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी. स्वयंपाकघरातील ग्रॅमचा काटा असल्यास त्यावर त्याचे वजन करून लिहून ठेवावे. कॉकाटीलचे वजन साधारण ८० ते १२० ग्रॅम असते; त्यात दहा टक्के घट झाली, तरी ती दुर्लक्ष करण्याजोगी नव्हे.

पिंजरा आणि तालीम

घरातील उंच, झोपाळे-घंट्या टांगलेला पिंजरा प्रवासास निरुपयोगी ठरतो. हिसका बसला की पक्षी त्या वस्तूंवर आदळतो. प्रवासासाठी लहान, भक्कम, हवेशीर पिंजरा घ्यावा. त्यात पक्ष्यास वळता यावे व शेपूट न मोडता बसता यावे, परंतु उडण्याइतकी जागा नसावी. बसण्याची दांडी तळापासून अगदी थोड्या उंचीवर घट्ट बसविलेली असावी. तळाशी जुना सुती पंचा अंथरावा. पोपट चोचीने कडी उघडण्यात वाकबगार असतो, म्हणून दारास एक जादा चाप लावावा.

असा पिंजरा ऐन वेळी समोर आणला, तर पक्षी त्याला शत्रूच समजतो. किमान तीन आठवडे आधी तो उघड्या दारानिशी नेहमीच्या पिंजऱ्याजवळ ठेवावा. पहिल्या आठवड्यात त्यात त्याच्या आवडीचा खाऊ, डाळिंबाचे दाणे किंवा राळ्याचे कणीस, ठेवून त्याला आपणहून आत जाऊ द्यावे. दुसऱ्या आठवड्यात दार पाच-दहा मिनिटे लावून जवळ बसावे, बोलत राहावे. तिसऱ्या आठवड्यात उभ्या गाडीत, नंतर दहा मिनिटांच्या व पुढे अर्ध्या तासाच्या फेरीवर न्यावे. माणसांप्रमाणे काही पक्ष्यांनाही गाडी लागते. ते या फेरीतच कळते आणि घाटाच्या रस्त्यावर पंचाईत होत नाही.

ही तालीम ज्येष्ठांनी स्वतः घ्यावी. त्यास बळ लागत नाही, धीर लागतो. आणि तो त्यांच्यापाशी घरातील इतरांपेक्षा अधिक असतो.

प्रवासाचा दिवस

पक्ष्यास पिंजऱ्यात घालण्याआधी खोलीचे दार-खिडक्या लावाव्यात, पंखा बंद करावा, आरसा झाकावा. पळून गेलेल्या बहुतेक पोपटांचा घात याच क्षणी झालेला असतो. त्याचे अलीकडचे छायाचित्र व पायात कडे असल्यास त्यावरील क्रमांक मोबाइलमध्ये असावा. दुर्दैवाने तो उडालाच, तर त्याच्या मागे धावू नये. त्याचा पिंजरा उघडा करून त्याला दिसेल अशा जागी ठेवावा आणि ओळखीच्या आवाजात हाका माराव्यात. सायंकाळी व पहाटे तो परतण्याची शक्यता अधिक असते.

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, उजाडण्यापूर्वी निघून ऊन चढण्याआधी पोचावे. पिंजरा मागच्या आसनावर ठेवून सीटबेल्टने बांधावा. पुढच्या आसनावर एअरबॅगचा धोका असतो आणि डिकीत हवा नसते. तो वृद्ध व्यक्तीच्या मांडीवरही ठेवू नये. अचानक ब्रेक लागला तर दोघांनाही इजा होते. त्यांनी शेजारी बसावे, म्हणजे आवाज व चेहरा दोन्ही पक्ष्याच्या जवळ राहतात. वातानुकूलनाचा झोत थेट पिंजऱ्यावर नसावा. पिंजऱ्याच्या तीन बाजू हलक्या कापडाने झाकाव्यात व एक उघडी ठेवावी.

धावत्या गाडीत पाण्याची वाटी सांडते आणि पक्षी भिजतो. त्याऐवजी काकडी, पेरू, बिया काढलेले सफरचंद यांच्या फोडी द्याव्यात आणि प्रत्येक थांब्यावर पाणी दाखवावे. घरचेच पाणी बाटलीत घ्यावे. चहा, कॉफी, चॉकलेट, अवोकाडो, कांदा-लसूण असलेले फरसाण यांतले काहीही त्याला देऊ नये. ‘एक घास’ही नको.

दीड-दोन तासांनी थांबावे. हा नियम पक्ष्यासाठी जितका, तितकाच ज्येष्ठांसाठी आहे. गुडघे मोकळे होतात, लघवी रोखून धरावी लागत नाही, मधुमेह असणाऱ्यांस वेळेवर खाता येते. मात्र थांब्यावर एक माणूस पक्ष्याजवळ असावाच. जड पिंजरा हातात घेऊन ज्येष्ठांनी जिना वा फलाट चढू नये. पायाखालची पायरी दिसत नाही आणि पडण्याचे भय असते.

चोच उघडी, पंख अंगापासून दूर धरलेले आणि धाप, असे दिसल्यास उष्णतेचा त्रास समजावा. त्याला सावलीत व थंड हवेत न्यावे, पाय ओल्या कापडाने पुसावेत, अंगावर साध्या पाण्याचे बारीक तुषार मारावेत आणि जवळच्या पशुवैद्यांना गाठावे. बर्फाचे पाणी वापरू नये. घरातील वृद्धांची झोपेची गोळी किंवा ओकारीचे औषध ‘चिमूटभर’ देणे तर प्राणघातक ठरू शकते. पाऊण-एकशे ग्रॅमच्या जिवास माणसाच्या गोळीचा कणही फार असतो.

आगगाडी आणि विमान

पिंजरा प्रवासी डब्यात नेता येईल असे गृहीत धरून निघू नये. आधी स्थानकावरील पार्सल कार्यालयात चौकशी करावी आणि मिळालेली परवानगी लेखी स्वरूपात जवळ ठेवावी. सामानाच्या डब्यात पक्ष्याकडे कोणाचे लक्ष नसते आणि उष्णतेवरही ताबा नसतो. ती सोय असली तरी तिचा अवलंब करू नये. विमान कंपन्यांचे नियम परस्परांहून भिन्न आहेत. काही कंपन्या केवळ कुत्री व मांजरे स्वीकारतात. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच विचारावे. प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्यांचे प्रमाणपत्र बहुधा मागितले जाते. एकंदरीत, रस्त्याने होण्याजोगा प्रवास खाजगी मोटारीने करणेच दोघांच्याही सोयीचे.

नव्या घरात

पोचण्यापूर्वी मुला-सुनेस चार गोष्टी कळवून ठेवाव्यात. पहिली, पक्षी बाहेर असताना छताचा पंखा बंद. दुसरी, नॉनस्टिक भांडी. ती अति तापली की निघणारा वायू माणसास फारसा जाणवत नाही, पण पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर असावा आणि तवा रिकामा तापत ठेवू नये. तिसरी, घरात मांजर-कुत्रे असल्यास स्वतंत्र खोली. चौथी, पहिले दोन दिवस नातवंडांनी लांबूनच पाहावे.

शक्य असल्यास जुना पिंजरा आधीच पोचता करावा. ओळखीची दांडी व वाटी पाहून पक्षी लवकर स्थिरावतो. पिंजरा भिंतीलगत, छातीच्या उंचीवर ठेवावा. रोज दहा-बारा तास अंधार व शांतता मिळावी. कॉकाटील मात्र अंधारात दचकून फडफडतो, त्याच्याजवळ मंद दिवा ठेवावा. पहिल्या दिवशी तो थोडे कमी खाईल. परंतु चोवीस तासांत काहीच खाल्ले नाही, किंवा विष्ठा अगदी पातळ वा अत्यल्प झाली, तर वैद्यकीय मदत घ्यावी. त्यासाठी नव्या गावातील पशुवैद्यांचा क्रमांक निघण्याआधीच मिळवून ठेवावा.

माणसाच्या प्रकृतीविषयी

पोपटांपासून माणसास होणारा ‘सिटॅकोसिस’ हा आजार एका जिवाणूमुळे होतो. वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ श्वासावाटे गेली की त्याची लागण होऊ शकते. प्रवासाच्या ताणाने वरकरणी निरोगी पक्षीही हे जिवाणू बाहेर टाकू लागतो. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, कोरडा खोकला ही लक्षणे सहसा पाच ते चौदा दिवसांत दिसतात आणि वृद्धांत त्याचे न्यूमोनियात रूपांतर होण्याचा धोका अधिक असतो. योग्य प्रतिजैविकाने तो बरा होतो. परंतु नेहमीची सगळीच प्रतिजैविके त्यावर लागू पडत नाहीत. म्हणून डॉक्टरांस ‘आमच्या घरी पोपट आहे’ हे एक वाक्य न विसरता सांगावे.

पिंजऱ्याचा तळ कोरडा झाडू नये. कागद ओला करून गुंडाळावा, मुखपट्टी लावावी, नंतर साबणाने हात धुवावेत. दमा, फुप्फुसांचा जुनाट विकार, कर्करोगाचे उपचार किंवा स्टिरॉइड चालू असणाऱ्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी प्रवासात पोपटास हातावर घेऊ नये; घाबरलेला लाडका पक्षीही चावतो आणि लहान जखम बराच वेळ वाहते.

एक कागद

शेवटी एक काम उरते. एका कागदावर पक्ष्याचे नाव व वय, वजन, आहार, झोपेची वेळ, भीती कशाची, आवडता खाऊ, हाक मारण्याची पद्धत आणि पशुवैद्यांचा क्रमांक लिहावा. त्याखाली, आपणास अचानक रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास त्याला कोण सांभाळील, त्या व्यक्तीचे नाव तिच्या संमतीने लिहावे. कॉकाटील पंधरा-वीस वर्षे जगतो, आफ्रिकन ग्रे चाळीस वर्षांहून अधिक; पाळणाऱ्याच्या सत्तरीत आणलेला पक्षी त्याच्यामागेही राहण्याची शक्यता असते. हा विषय घरात काढणे कोणास अभद्र वाटते, परंतु ठरलेली व्यवस्था कागदावर आली की ज्येष्ठांचा जीव हलका होतो आणि पुढे ढकललेली शस्त्रक्रियेची तारीख घेता येते.

या कागदाची एक प्रत पिंजऱ्यास बांधावी आणि दुसरी आपल्या औषधांच्या डब्यात ठेवावी. तिकिटाचा विचार त्यानंतर करावा.